पळाली की तापते

१

मंगळवारी दुपारी डॉक्टरांची गाडी दोर लावून माझ्या गॅरेजात ओढत आणली, आणि बॉनेट उघडायच्या आधीच मला कळलं की इंजिन गेलं. जळक्या रबराचा वास फाटकापासून येत होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरली, कारण ती गाडी चालवणारे गृहस्थ माझे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे.

झालं होतं ते असं. डॉक्टर हाडांच्या. शहराबाहेरच्या एका इस्पितळात त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, पेशंटला भूल द्यायची तयारी झाली होती. निम्म्या वाटेवर गाडीने आचका दिला आणि जी थांबली ती थांबलीच. भर उन्हात एक तास गेला. शेवटी पेशंटला दुसऱ्या इस्पितळात हलवावं लागलं. तो सुखरूप आहे, पण उशीर आणखी झाला असता तर त्याचा पाय गेला असता, हे डॉक्टरांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी इंजिन उघडलं. आत कुलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, थेंब नव्हता. वरचा होसपाइप फाटलेला, हेड वाकलेलं, पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही माणूस गाडी रेटत राहिला की अशी अवस्था होते. व्याह्यांना विचारलं तर ते म्हणाले, काटा लाल पट्ट्यात गेलाच नाही. निम्म्याच्या वर सरकला होता, आणि मग आपणहून खाली आला. इंजिन जळतंय आणि काटा खाली येतोय! पस्तीस वर्षांच्या धंद्यात मी बऱ्याच थापा ऐकल्यात, पण इतकी भाबडी ऐकली नव्हती.

डॉक्टरांनी लेखी मत मागितलं. मी लिहून दिलं, ‘चालकाचा निष्काळजीपणा’, आणि खाली सही ठोकली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे समजत होतं. पण नातं नात्याच्या जागी आणि गाडी गाडीच्या जागी, हे मी आयुष्यभर चारचौघांना ऐकवत आलोय. त्या सहीचा मला थोडा अभिमानही वाटला, तो लपवत नाही.

डॉक्टरांनी व्याह्यांना शनिवारी दुपारी येऊन शेवटचं भेटायला सांगितलं. सव्वीस वर्षांची नोकरी होती. त्यातून अशा डॉक्टरांनी निष्काळजी म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला साठीच्या उंबरठ्यावर दुसरं कोण ठेवणार?

बुधवारी सकाळी मुलीचा फोन आला. “बाबा, ते खोटं बोलत नाहीत,” ती म्हणाली. “गाडी दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. तोवर मी तुम्हाला फोन करणार नाही.”

२

दुसरं कोण, हाच प्रश्न होता. बाकीचे गॅरेजवाले माझ्या मताच्या विरुद्ध जायचं म्हणून गेले असते, किंवा माझी भीड धरून गप्प बसले असते. उरल्या बाई.

बाई तीस वर्षं तंत्रशाळेत फ्रिज आणि एसी शिकवायच्या. गावातल्या निम्म्या मेकॅनिकांनी त्यांचा ओरडा खाल्लाय. मला त्यांनी वायरिंगच्या पेपरात शंभरपैकी एक्केचाळीस दिले होते आणि वर म्हणाल्या होत्या, की एक मार्क अक्षराचा आहे. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या फारशा बाहेर पडत नाहीत. मी रिक्षा पाठवून त्यांना आणलं. बाई माझंच म्हणणं खरं ठरवतील आणि मुलीचं तोंड बंद होईल, असा माझा हिशेब होता.

त्या आल्या, मी दिलेल्या खुर्चीवर बसल्या, आणि गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आधी माझं मत वाचलं. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाल्या, “राहू दे. बॉनेट उघडलं की तुम्ही लोक माणसांचं ऐकायचं बंद करता. आधी सगळ्यांना विचारू.”

सुरुवात माझ्यापासूनच झाली. या गाडीवर शेवटचं काम काय झालं? मी म्हटलं, तीन आठवड्यांपूर्वी रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळली होती, ती मी नवी बसवली. तपासली होतीस? अर्थात. गाडी अंगणात अर्धा तास चालू ठेवली होती. वेळेवर पंखा आपोआप लागला, मी कानाने ऐकला, काटा मधोमध राहिला. गावात मला कानसेन म्हणतात ते उगीच नाही. बंद बॉनेटमधला सैल नट मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो.

“आणि एसी?” बाईंनी विचारलं.

एसी गार होत नाही अशी डॉक्टरांची तक्रार होती, पण एसी माझ्याकडे येत नाही, तो एसीत गॅस भरणाऱ्या गॅसवाल्याकडे जातो, असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, एका गाडीला एकाच महिन्यात दोन आजार झाले आणि दोन वैद्यांनी एकमेकांना साधं विचारलंही नाही. मला ते झोंबलं. गॅसवाल्याचं आणि माझं एका जुन्या कारणावरून पटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जाताना त्या म्हणाल्या, “उद्या व्याह्यांना बोलाव. आणि ते बोलत असताना तू तोंड उघडायचं नाहीस.”

३

व्याही गुरुवारी दहाच्या ठोक्याला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्याकडे त्यांनी नमस्कारापुरतं पाहिलं आणि बाईंसमोर स्टुलावर बसले. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

बाईंनी त्यांना एकच गोष्ट विचारली. गाडी उभी असताना काय व्हायचं आणि पळताना काय व्हायचं?

“पळाली की तापायची,” व्याही म्हणाले. “थांबली की उतरायची. सिग्नलला उभा राहिलो की काटा हळूहळू मध्ये यायचा.”

मी न राहवून हसलो. शेंबडं पोरही सांगेल, की रेडिएटरचं दुखणं असलेली गाडी गर्दीत उभी राहून तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की निवते. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला तंत्रशाळेतला मागचा बाक आठवला.

पुढचं त्यांनी खोदून खोदून काढलं. कितीच्या वेगाला तापते? चाळीस-पन्नासच्या. सत्तरला? सत्तरला एवढी नाही, पण शहरात सत्तर कुठून येणार. एसी बंद ठेवला तर? तर जवळजवळ नाहीच. मग बंद का ठेवला नाही? डॉक्टर मागे बसून रिपोर्ट वाचतात, त्यांना घामाघूम होऊन ऑपरेशनला कसं न्यायचं, असं व्याही म्हणाले. एसीसुद्धा गाडी उभी असली की गरम हवाच फेकायचा.

मंगळवारी पुढे लांबलचक ट्रक होता. ओलांडायला जागा नाही, म्हणून दहा-बारा किलोमीटर पंचेचाळीसच्या वेगाने त्याच्या मागे काढले, एसी चालू ठेवून. काटा निम्म्याच्या वर चढला. पुढे जागा दिसली की बाजूला घेऊ, असं मनात असतानाच फस्स आवाज आला, गोडसर वास आला, आणि काटा खाली उतरला. वास ट्रकचा असेल असं त्यांना वाटलं. काटा उतरला म्हणून जिवात जीव आला. दोन किलोमीटरवर इंजिन बंद पडलं.

“हे सगळं मी यांना आधीच सांगितलं होतं,” ते खाली मान घालून म्हणाले. “तापतेय हे. चार वेळा फोन केला.”

तेवढं खरं होतं. चारही वेळा मी म्हटलं होतं, की गाडी अशी तापत नसते, तुम्ही काटा नीट बघा.

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, “थाप मारणारा माणूस पटेल अशी थाप मारतो. काटा खाली आला, असं कोणी मुद्दाम सांगेल का? आता सांग, तो काटा कशाची उष्णता दाखवतो?”

मी म्हटलं, कुलंटची. आणि ते म्हणतानाच माझे कान गरम झाले. होस फाटला, कुलंट वाहून गेलं, त्यात बुडालेला सेन्सर कोरडा पडला. कोरडा सेन्सर उकळत्या पाण्याची खबर देणार कशी? काटा खाली येणारच होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्याह्यांच्या तोंडून आलं म्हणून मी ते तपासलं नाही.

म्हणजे व्याही खरं बोलत होते. पण मग चांगलं इंजिन आधी तापायला लागलंच कशाने?

४

माझा संशय ताबडतोब गॅसवाल्यावर गेला. प्रमाणाबाहेर गॅस भरला की एसीवर ताण येतो आणि तो ताण इंजिनला बसतो, ही जगजाहीर गोष्ट आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही त्याच्या दुकानात गेलो तेव्हा मी मनातल्या मनात शनिवारचं भाषण तयार करत होतो.

गॅसवाला मला बघून आखडला, बाईंना बघून उभा राहिला. तोही त्यांचाच विद्यार्थी. त्याने वही काढून दाखवली. डॉक्टरांची गाडी पहिल्यांदा आली ती माझ्या मोटरच्या कामानंतर दोनच दिवसांनी. गाडी उभी करून मीटर लावला तर प्रेशर फार वर. गॅस जास्त झाला असेल म्हणून त्याने थोडा काढला, तरी प्रेशर हटेना. मग बंपरच्या मागची एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, पाण्याने धुतली. ती आधीच स्वच्छ होती. शेवटी त्याने हात टेकले.

“जाळीला गार हवाच मिळत नव्हती, असं वाटत होतं,” तो म्हणाला. “पण पंखा तर फिरत होता. मी डोळ्यांनी बघितला.”

मी म्हटलं, मीही ऐकला. आमच्या दोघांचं बऱ्याच वर्षांनी एकमत झालं, आणि बाईंनी त्याची काही दखल घेतली नाही.

तिथून आम्ही डॉक्टरांच्या इमारतीत गेलो. तिथला वॉचमन सकाळी गाड्या धुतो. नळाचा पाइप घेऊन हा बॉनेटमध्ये काही उद्योग करतो का, रेडिएटरचं टोपण सैल ठेवतो का, असं मला विचारायचं होतं. तो म्हणाला, ड्रायव्हरकाका बॉनेटला हात लावू देत नाहीत. रोज सकाळी स्वतः उघडतात, कुलंटची बाटली बघतात, मग पुसून बंद करतात. एक दिवस चुकलेला त्याला आठवत नव्हता. निष्काळजीपणा हा शब्द मी कोणत्या तोंडाने लिहिला होता, असं तेव्हा मनात आलं.

बाई मात्र त्याच्या खुर्चीकडे बघत होत्या. केबिनच्या पुढे ऐसपैस सावली असताना त्याची खुर्ची कडेला, अर्धी उन्हात होती. तिथे का बसतोस, असं त्यांनी सहज विचारलं.

सावलीच्या जागेसमोरच डॉक्टरांची गाडी तोंड करून उभी असते, तो म्हणाला. डॉक्टर खाली येण्याआधी काका दहा मिनिटं एसी लावून ठेवतात. तेव्हा गाडीच्या तोंडातून गरम झोत पायांवर येतो, नडग्या भाजतात. म्हणून तीन आठवड्यांपासून खुर्ची हलवली.

“त्याआधी?”

“त्याआधी आठ वर्षं तिथेच बसत होतो की. कधी काही नाही.”

मी घाम पुसत उभा होतो आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं. बाईंनी वॉचमनकडून कालचं वर्तमानपत्र मागून घेतलं, त्याची एक लांब पट्टी फाडली आणि पर्समध्ये ठेवली.

“चल,” त्या म्हणाल्या. “आता तुझं बॉनेट उघडू.”

५

गॅरेजात आल्यावर त्यांनी मला पंखा सुरू करायला सांगितला. इंजिन उघडं पडलं होतं, पण बॅटरी शाबूत होती. पंखा आपोआप लावणाऱ्या रिलेच्या जागी मी वायरचा तुकडा जोडला आणि पंखा घुमायला लागला. मस्त, भरदार आवाज. बाईंनी ती कागदाची पट्टी माझ्या हातात दिली आणि गाडीच्या समोर, नंबरप्लेटच्या वरच्या जाळीशी धरायला सांगितली.

गाडीचा पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि पुढची हवा आत ओढतो. म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो चिकटला नाही. तो माझ्या मनगटावर उलटा वळला, फडफडला, आणि हातातून सुटून अंगणात गेला.

मी खाली बसलो. पुढचं बाईंनी सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितलं, एका एका वाक्याला थांबून, वर्गात सांगायच्या तसं. पंखा हवा आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलत होता. गाडी उभी असताना रेडिएटरमधून हवा जायची खरी, फक्त भलत्या बाजूने. तेवढ्याने इंजिनचं कसंबसं भागायचं, पण ती तापलेली हवा रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीवर जायची, म्हणून एसी गरम आणि प्रेशर वर. तीच हवा वॉचमनच्या पायांवर. गाडी पळायला लागली की समोरचा वारा आत यायचा आणि पंख्याचा वारा बाहेर जायचा. चाळीस-पन्नासच्या वेगाला दोघांचं बळ सारखं, की हवा जागच्या जागी उभी. सत्तरला बाहेरचा वारा जिंकायचा. एसी चालू असला की पंखा सतत फिरतो; पळताना एसी बंद असला तर पंखाच लागायचा नाही, मग भांडणच नाही. व्याह्यांचं वाक्य न् वाक्य बरोबर जुळत होतं.

“मोटर कशी जोडलीस?” त्यांनी विचारलं.

नव्या मोटरचा प्लग गाडीच्या प्लगमध्ये बसत नव्हता. म्हणून मी दोन्ही प्लग कापले आणि वायरी पिळून टेप मारली. काळीला काळी, दुसरीला दुसरी. पस्तीस वर्षं असंच करतोय. काळी म्हणजे मायनस, यात विचारायचं काय? रिकामं खोकं अजून फळीवर होतं. त्यात एक चिठ्ठी होती, घडीसुद्धा न मोडलेली. ही मोटर दोन्ही दिशांना फिरू शकते, असं तिच्यावर छापलं होतं. हवा ओढायची असेल तर काळी वायर प्लसला जोडा.

दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला, आणि चोर माझ्या पकडीतून निघाला.

अजून एक गोष्ट आहे, जी मी बाईंनाही लगेच सांगू शकलो नाही. मोटर बसवली त्या दिवशी पंख्याचा आवाज मला किंचित वेगळा लागला होता. जरा जाड, जरा घोगरा. नवी मोटर आहे, बसेल आवाज हळूहळू, अशी मी माझी समजूत घातली होती. जेवायची वेळ झाली होती आणि मला हात धुवायचे होते.

मी सांगितल्यावर बाई रागावल्या नाहीत. पर्स उचलून उठल्या आणि उद्या डॉक्टरांकडे तू एकटा जा, एवढंच म्हणाल्या.

६

शनिवारी डॉक्टरांच्या खोलीत मी पोहोचलो तेव्हा व्याही आधीच आलेले होते. टेबलावर माझं मत ठेवलेलं होतं, आणि त्याशेजारी गाडीची दुसरी किल्ली, जी ते परत करायला आले होते. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवून जागा करून दिली. तेवढ्यानेसुद्धा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. काळी वायर, चिठ्ठी, कागदाची पट्टी, कोरडा पडलेला सेन्सर, आवाज घोगरा लागला होता तेही. संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “म्हणजे काट्याचं त्यांनी सांगितलेलं खरं होतं?”

“शब्द न् शब्द.”

“मी त्यांना सगळ्या स्टाफसमोर खोटारडे म्हटलंय,” डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. मग त्यांनी व्याह्यांकडे वळून तिथल्या तिथे माफी मागितली. स्टाफला सोमवारी पुन्हा बोलावून हे सांगेन, असंही म्हणाल्या. इंजिन दुसऱ्या गॅरेजात बांधलं जाईल, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी हो म्हटलं.

त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. आधीचं मत खोडून चालणार नाही, नवं लिहा, म्हणाल्या. मी लिहिलं, की बिघाड माझ्या चुकीच्या जोडणीमुळे झाला, चालकाचा कोणताही दोष नाही. सही केली आणि कागद व्याह्यांपुढे सरकवला. एवढ्यावर हे मिटेल, मुलीला संध्याकाळी फोन करता येईल, असं मला वाटत होतं.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. कागद सावकाश, दोनदा वाचला.

“दोष नाही हे ठीक आहे,” ते म्हणाले. “पण मी सांगितलं होतं, ते यात नाही.”

मी कागद परत माझ्याकडे ओढला.

“चार वेळा सांगितलं होतं, व्याही. ते लिहा.”

त्यांनी आपलं पेन काढून मला दिलं. मग एक एक तारीख सांगत गेले, दोन तारखा सकाळच्या, दोन संध्याकाळच्या, आणि मी त्या एकाखाली एक लिहीत गेलो. चालकाने चार वेळा कळवलं होतं, की गाडी पळाली की तापते. त्याच्याखाली, त्यांनी न सांगता, मी लिहिलं, की मी ऐकलं नाही. पुन्हा सही केली.

व्याह्यांनी तेही वाचलं. किल्ली उचलून परत खिशात टाकली, कागद डॉक्टरांच्या हातात दिला, आणि सोमवारी किती वाजता यायचं ते त्यांना विचारलं.